ज्येष्ठ सायकलपटूंना घड्याळाची शर्यत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्तीनंतर पुन्हा शर्यतीत उतरणाऱ्या सायकलपटूंवर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला आणि त्याच आठवड्यात त्यावर एका वाचकाचे पत्रही छापून आले. पन्नाशी-साठीच्या माणसांनी अंगाला चिकटणारे कपडे घालून सकाळी सकाळी रस्ता अडवायचा हा निव्वळ म्हातारचळ आहे, असा त्या पत्राचा सूर होता. कपड्यांवरून मी भांडणार नाही, ज्याला बघवत नाहीत त्याने दुसरीकडे पाहावे. मात्र लेखकाने भारावून आणि पत्रलेखकाने चिडून लिहिताना एक साधी गोष्ट दोघांकडूनही सुटली. हा माणूस नेमक्या कोणत्या शर्यतीत उतरतो आहे, हे दोघांनीही विचारले नाही.

सायकलच्या रस्त्यावरच्या शर्यती ढोबळमानाने दोन तऱ्हेच्या. एकीत सगळे एकदम सुटतात, घोळक्याने जातात, एकमेकांच्या मागे वारा चुकवतात आणि शेवटच्या दोन-तीनशे मीटरवर जीव खाऊन धावतात. दुसरीत एकेकाला ठरावीक अंतराने सोडतात. पुढे कोणाचा आडोसा नाही, बाजूला कोणाचा कोपर नाही, निकाल घड्याळ लावते. तिला टाइम ट्रायल म्हणतात. आता उतारवयात परतलेल्यांची मोठी नावे आठवून पाहा.

फ्रान्सची जानी लोंगो मध्ये एकदा शर्यती सोडून परत आली होती. २००८ साली बीजिंगला ती ४९ वर्षांची होती आणि टाइम ट्रायलमध्ये तिचे कांस्यपदक दोन सेकंदांहूनही कमी फरकाने हुकले. २०११ मध्ये, ५२व्या वर्षी, ती याच प्रकारात पुन्हा फ्रान्सची राष्ट्रीय विजेती झाली. अमेरिकेची क्रिस्टिन आर्मस्ट्राँग दोनदा निवृत्त झाली आणि दोन्ही वेळा परतली. २००८, २०१२ आणि २०१६ अशी तिची तिन्ही ऑलिंपिक सुवर्णपदके टाइम ट्रायलची आहेत, आणि शेवटचे तर ४३व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीचे. जर्मनीच्या येन्स फोइक्टने २०१४ मध्ये ४३ पूर्ण झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तासाचा जागतिक विक्रम केला. तोही एकट्याचाच प्रकार, एका तासात ट्रॅकवर किती अंतर कापता येते ते पाहायचे. त्याने ५१ किलोमीटरच्या वर कापले.

इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या विरळ हवेत, त्याने तासाचा विक्रम ५१.१५१ किलोमीटरवर नेला. त्या दशकाच्या अखेरीस तो निवृत्त झाला. १९९४च्या जानेवारीत, ४२व्या वर्षी, तो त्याच शहरात परत गेला आणि त्याने ५१.८४० किलोमीटर कापले. तोवर ब्रिटनच्या क्रिस बोर्डमनने विक्रम ५२.२७०वर नेलेला होता, त्यामुळे मोझेरला तो काही मिळाला नाही. पण दहा वर्षांपूर्वीच्या मोझेरला त्याने मागे टाकले. सायकल आणि तिच्यावर बसण्याची ढब बदललेली होती, हे खरे, आणि तेवढे श्रेय त्यांनाही दिले पाहिजे. तरीही चाळिशी ओलांडलेल्या माणसाने हे करावे याला किंमत आहे.

यामागे शरीराचे कारण आहे. वयाबरोबर स्नायूंतले झटपट आकसणारे तंतू आधी कमी होतात, म्हणून अचानक झेप घेण्याची ताकद लवकर जाते. एका लयीत तासभर पॅडल मारण्याची क्षमता त्यामानाने टिकते. हृदयाचे कमाल ठोके वर्षाला साधारण एकाने उतरतात. शरीर किती प्राणवायू वापरू शकते त्याचे माप, म्हणजे व्हीओटू मॅक्स, बैठ्या माणसात तिशीनंतर दर दहा वर्षांनी सुमारे दहा टक्क्यांनी घटते. नियमित कसून सराव करणाऱ्यात ही घट जवळजवळ निम्म्यावर येते. आणि जोर कुठे राखायचा, वाऱ्यात कुठे वाकायचे, हा अंदाज वयाबरोबर वाढतच जातो. टाइम ट्रायलला तोच लागतो. घोळक्यात मात्र पुढच्याने अचानक वेग वाढवला की दोन सेकंदांत उत्तर द्यावे लागते, आणि म्हातारा मागे सुटतो तो तिथेच. एकदा सुटला की आख्खा वारा त्याच्या एकट्याच्या अंगावर.

लान्स आर्मस्ट्राँगचे काय, असे कोणी विचारेल. २००५ साली निवृत्त झालेला आर्मस्ट्राँग २००९ मध्ये, ३७व्या वर्षी, परतला आणि घोळक्याच्या सगळ्यांत मोठ्या शर्यतीत, टूर द फ्रान्समध्ये, तिसरा आला. पण उत्तेजके घेतल्याबद्दल २०१२ मध्ये त्याची ती जागा आणि आधीची सातही टूर विजेतेपदे काढून घेतली गेली. परतलो नसतो तर ही वेळ आली नसती, अशा अर्थाचे तो पुढे दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत बोलला. माझ्या म्हणण्याला हे उदाहरण बाधक आहे असे मला वाटत नाही.

हे सगळे युरोप-अमेरिकेचे झाले. आपल्याकडे व्यावसायिक सायकलपटू म्हणजे बहुतेक करून रेल्वे किंवा सैन्यदलाच्या नोकरीवर असलेला, संघाकडून शर्यती करणारा माणूस. मुंबई–पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ कोण होतो याची चर्चा गोव्यात, आमच्या फोंड्याच्या चहाच्या दुकानांत व्हायची, ती मी ऐकली आहे. सैन्यदलाच्या संघातून तरुणपणी शर्यती केलेले एक गृहस्थ आमच्या तालुक्यात आहेत. निवृत्त होऊन घरी आले, मुलाने हौसेने कार्बनची सायकल घेऊन दिली, आणि ते एका खुल्या शर्यतीत उतरले. वयोगट नव्हते. सोबत सगळी विशी-पंचविशीची पोरे. पायांना जुनी सवय, डोक्यात जुना वेग, त्यामुळे पोरांना धरून राहण्याचा हट्ट त्यांनी बोरीच्या चढापर्यंत सोडला नाही. नंतर छातीत धडधड सुरू झाली ती घरी आल्यावरही थांबेना. डॉक्टरांनी हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडल्याचे निदान केले. वर्षानुवर्षे दमछाकीचे खेळ खेळलेल्या पुरुषांत हा विकार इतरांपेक्षा जास्त आढळतो, हे त्यांना तोवर कोणीच सांगितले नव्हते. आता वहिनी सायकलच्या कुलपाची किल्ली पदराला बांधून असतात. चूक त्या दोघांचीही नाही. त्यांच्या वयाला साजेशी शर्यत गोव्यात नाही, म्हणून ते नको त्या शर्यतीत गेले.

हाडांबद्दलही सांगायला हवे, कारण सायकलवाल्यांना ते ऐकायचे नसते. सायकलवर शरीराचा भार हाडांवर पडत नाही. त्यामुळे आयुष्यभर नुसती सायकल चालवलेल्याची छाती घोड्यासारखी असली तरी कंबर आणि मणक्याची हाडे ठिसूळ असू शकतात. पंचविशीत पडला तर खरचटते, साठीत पडला तर खुब्याचे हाड मोडते. घोळक्यात एक पडला की मागचे चार त्याच्यावर पडतात, टाइम ट्रायलमध्ये तो प्रश्न येत नाही.

पडायला आपले रस्ते पुरेसे आहेतच. पोर्तुगालचा ज्वाकिम अगुश्तिन्यु १९७८ आणि १९७९ मध्ये टूर द फ्रान्समध्ये तिसरा आलेला मोठा सायकलपटू. १९८४ मध्ये, ४१व्या वर्षी, आल्गार्वच्या शर्यतीत आघाडीवर असताना एका टप्प्याच्या अखेरीस एक कुत्रा आडवा आला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. तो उठला, त्या टप्प्याची अंतिम रेषाही ओलांडली, आणि दहा दिवसांनी वारला. आमच्याकडे कुठल्याही तिठ्यावर पहाटे उभे राहा, दहा-बारा कुत्री मोजून देतो. इटलीचा डाविडे रेबेलिन ५१व्या वर्षापर्यंत व्यावसायिक शर्यती करत राहिला. २०२२ मध्ये निवृत्त झाल्यावर काही आठवड्यांतच, घराजवळच्या रस्त्यावर सायकल चालवताना ट्रकने त्याला चिरडले. गोव्यात बहुतेक वर्षी अडीचशेच्या वर माणसे रस्त्यावर मरतात. खाणी बंद होत्या आणि खनिजाचे ट्रक धावत नव्हते त्या वर्षांत आमच्या उसगाव–तिस्क भागात सायकल काढायचा धीर तरी व्हायचा.

म्हणून सांगतो, क्रीडा संचालनालयाने शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमांतून थोडे पैसे बाजूला काढावेत आणि ज्येष्ठांसाठी टाइम ट्रायल सुरू करावी. २०२३च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, पण ट्रॅक सायकलिंग दिल्लीला न्यावे लागले, कारण इथे वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा खास ट्रॅक, नाही. टाइम ट्रायलला वेलोड्रोम लागत नाही. रविवारी पहाटे कुंडई किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत चांगला रस्ता आणि तुरळक वाहतूक मिळते. दर पाच वर्षांचा एक गट करावा आणि निकाल गटानुसारच लावावा. मिरामारला २०१९ पासून पोहणे, सायकल आणि धावणे अशी जी आयर्नमॅन ७०.३ स्पर्धा होते, तिच्यात निकाल असेच लागतात, आणि तिथल्या ९० किलोमीटरच्या सायकल टप्प्यात दुसऱ्याच्या मागे वारा चुकवायला मनाई असते. म्हणजे ही पद्धत गोव्याला नवी नाही. फक्त त्या स्पर्धेत आधी समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे आणि नंतर २१ किलोमीटर धावायचे, आणि प्रवेशशुल्क असे की आमच्या तालुक्यातला पेन्शनर आकडा ऐकूनच परत फिरेल.

उमेद नुसती तरुणांचीच वाढते असेही नाही. फ्रान्सचे रोबेर मार्शां साठी ओलांडल्यावर पुन्हा सायकलकडे वळले. १०१ ते १०३ या वयात शास्त्रज्ञांनी त्यांचा व्हीओटू मॅक्स मोजला तर तो ३१वरून ३५वर गेलेला निघाला. सराव कसा, तर बहुतेक भाग सावकाश, पाचवा हिस्सा तेवढा कष्टाचा. १०२व्या वर्षी त्यांनी तासाभरात सव्वीस किलोमीटरच्या वर अंतर कापले. त्यांच्या शेजारी वीस वर्षांचा पोरगा लावला असता तर या आकड्याला कोणी विचारले नसते.

आयोजकांसाठी दोन-चार गोष्टी. प्रवेशासोबत ईसीजी आणि डॉक्टरांचा दाखला सक्तीचा असावा, पन्नाशीनंतर स्ट्रेस टेस्टही. हेल्मेटशिवाय कोणाला सोडू नये, मग तो कितीही जुना विजेता असो. पदके असतील तर उत्तेजकांची चाचणीही हवी. म्हाताऱ्यांच्या गटात कोण घेतो असे म्हणू नका, परदेशात ज्येष्ठांच्या शर्यतींतही लोक पकडले गेले आहेत. तारीख दिवाळीनंतरची, पण नरकचतुर्दशीला लागून नको, कारण आदल्या रात्रीचे नरकासुराचे पुतळे जाळल्यावर रस्त्यावर खिळे-तारा किती पडतात ते पंक्चर काढणाऱ्याला विचारा. आणि जिथून सायकली परत वळतात तिथे एक रुग्णवाहिका उभी ठेवा. सुरुवातीच्या मंडपाजवळ ती पाहुण्यांच्या गाड्यांत अडकते.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, फोंडा