डॉक्टरांपुढे कसं जायचं हे शिकवणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

निवृत्तीनंतर तुम्ही सोलापूरच्या पूर्व भागातल्या आणि विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या लोकांना एकच गोष्ट शिकवत राहिलात: दवाखान्यात जाण्याआधी घरी काय तयारी करायची. औषध सांगणं हे तुमचं काम नाही, असं तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत आणि ते कधी मोडलं नाहीत. पेशंटला घेऊन सिव्हिलला, अश्विनीला, मार्कंडेय हॉस्पिटलला जाणारे आम्ही सगळे जण तुमच्याच हाताखाली तयार झालो. तुमचे आभार चार लोकांपुढे मानावेत आणि तुम्ही शिकवलेलं त्यांनाही वापरता यावं, म्हणून हे पत्र उघडं लिहितोय.

पहिले आभार फायलीचे. साधी प्लास्टिकची फाईल, सगळ्यात नवा कागद वर आणि त्याच्याही वर एक पान. त्या पानावर वय, वजन, जुने आजार कोणत्या साली सुरू झाले, कोणती ऑपरेशनं झाली, कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठतं, चालू गोळ्या किती मिलिग्रॅमच्या आणि कधी घेतो, घरच्या एका माणसाचा फोन. एवढंच. ओपीडीत एका पेशंटच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. त्यातली निम्मी कॅरीबॅगेतले चुरगळलेले कागद उलगडण्यात गेली, तर तपासायला उरतं काय? वजन लिहायचा आग्रह तुमचाच होता. महिन्या-दोन महिन्यांत चार-पाच किलो घटलं असेल, तर पेशंट न बोलताही डॉक्टर थांबून विचारतात.

ईसीजीचं तर तुम्ही डोळ्यांपुढे करून दाखवलंत. तो कागद थर्मल, म्हणजे उष्णतेने रेषा उमटणारा असतो, शाईने छापलेला नसतो. उष्णतेने आणि उन्हाने तो पुसट होत जातो, आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात ठेवलेला असेल तर लवकरच. जपून ठेवायचा म्हणून लोक तो लॅमिनेशनला देतात, आणि मशीनमधून बाहेर येतो तो काळा ठिक्कर पडलेला. जुना ईसीजी हातात असेल, तर आजचा बदल नवा आहे की पहिल्यापासूनचा, हे डॉक्टरांना लगेच कळतं. नसेल तर नवाच धरून पुढच्या तपासण्या कराव्या लागतात. म्हणून ईसीजी काढला त्याच दिवशी झेरॉक्स काढायची आणि मोबाईलवर फोटो घ्यायचा. मेडिकलच्या थर्मल बिलांचंही तसंच. एक्स-रेची घडी घालायची नाही, आणि सीटी किंवा एमआरआय केला तर फिल्म आणि रिपोर्टवर न थांबता सीडीही मागून घ्यायची, कारण दुसऱ्या डॉक्टरांना मूळ चित्रं बघायची असतात.

रक्त तपासायला जाण्याच्या सकाळी जे घोळ होतात, ते तुमच्याइतकं नेमकं कुणीच समजावलं नाही. उपाशी जायचं म्हणजे आठ तास पोटात काही नको, पाणी चालतं. पण लोक उपाशी म्हणून बीपीची गोळीही टाळतात. मग त्याच सकाळी ओपीडीत बीपी वाढलेलं दिसतं, आणखी एक गोळी वाढते, आणि घरी दोन्ही गोळ्या नेमाने सुरू झाल्या की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची; डॉक्टरांनी मुद्दाम थांबवली असेल तरच नाही. शुगरची गोळी किंवा जेवणाबरोबरचं इन्शुलिन मात्र उपाशीपोटी नाही, कारण साखर एकदम उतरू शकते. जेवणानंतरची शुगर बघायची असेल, तर नेहमीचं जेवण, नेहमीचं औषध, आणि पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे. त्या दिवसापुरता भात सोडला तर रिपोर्ट छान येतो आणि डॉक्टरांची फसगत होते. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी तपासणी केव्हाही चालते, तिला उपाशी राहावं लागत नाही. थायरॉईडचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं.

सोनोग्राफीतही हीच गोष्ट. पित्ताशयासाठी सहा तास उपाशी, आणि त्यात दुधाचा चहाही नको, कारण स्निग्ध काही पोटात गेलं की पित्ताशय आकसतं आणि आतला खडा नीट दिसत नाही. गर्भाशयासाठी उलट, लघवी तुंबलेली लागते. रांगेत तासभर बसून शेवटी बाथरूमला जाऊन आलेल्या बायकांना परत पाणी पीत बसावं लागतं. त्यांना निघण्याआधीच सांगायची सवय तुम्ही आम्हाला लावलीत.

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. आधीच्या अर्ध्या तासात चहा नाही, तंबाखू नाही, मिश्री नाही. जिना चढून आल्या आल्या पट्टा बांधला जात असेल, तर "जरा दम घेऊ द्या" म्हणायला हरकत नसते, हे धाडस तुम्ही दिलंत.

गोळ्यांच्या पिशवीचं तर काय सांगावं! "ती पांढरी गोळी, सकाळची" एवढ्यावर कुणालाच काही कळत नाही. म्हणून रिकामी झालेली असो की भरलेली, प्रत्येक पाकीट न्यायचं. मेडिकलवाला पाकीट कापून देतो तेव्हा नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा आपल्याकडे यावा, किंवा त्याने ते लिहून द्यावं, हे सांगून घ्यायचं. ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात खऱ्या औषधाचं नाव असतं, ते वाचायला तुम्ही शिकवलंत. एका डॉक्टरांनी एका नावाने आणि दुसऱ्यांनी दुसऱ्या नावाने दिलेली गोळी आतून एकच निघते, आणि पेशंट दुप्पट डोस घेत राहतो. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या गोळीत दोन्हीकडे पॅरासिटामॉल असणं हे तर रोजचंच. विडी वळून कंबर धरलेल्या बायका मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही दुखणं थांबवणारी गोळी आणून महिनोन् महिने घेतात. बीपी का आटोक्यात येत नाही, किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन का वाढलं, याचं उत्तर कधी कधी त्याच पिशवीच्या तळाशी असतं. झाडपाल्याची पुडी आणि पुडीतलं नाव नसलेलं चूर्णही पिशवीत ठेवायला तुम्ही सांगितलंत. डॉक्टर रागावतील म्हणून लोक नेमकं तेच लपवतात.

बोलायचं कसं, तेही तुम्ही शिकवलंत. "लई दुखालंय" म्हणून थांबायचं नाही. कुठे, कधीपासून, कशाने वाढतं, कशाने थांबतं, बरोबर आणखी काय होतं. चक्कर येत असेल तर खोली गरगरते की अंधारी येते, हे सांगायचं, कारण दोन्हींचा तपास वेगळ्या वाटेने जातो. काम काय करतो हे आपणहून सांगायचं. यंत्रमागावर उभं राहणाऱ्याचं कमी ऐकू येणं आणि विडी वळणारीचा खोकला यांचा धागा कामाकडे जाऊ शकतो. आई तेलुगूत किंवा कानडीत बोलत असेल तर मुलाने तिचं बोलणं जसंच्या तसं सांगायचं, आपलं निदान मध्ये घालायचं नाही. "तिला गॅसेस आहेत" असं मुलगा म्हणतो आणि आई छातीवर हात ठेवून बसलेली असते.

डॉक्टर शोधायचा कसा, यावर तुमचं मत ठाम होतं आणि ते आम्हाला पूर्ण पटलेलं आहे. गर्दी बघून डॉक्टर निवडायचा नाही. आधी घराजवळचा एक फॅमिली डॉक्टर धरायचा आणि धरून ठेवायचा. गुडघा दुखला की थेट हाडांचे, डोकं दुखलं की थेट मेंदूचे, असं केल्याने प्रत्येक जण आपापला भाग बघतो आणि सगळा माणूस कुणीच बघत नाही. चांगल्या डॉक्टरच्या खुणा तुम्ही सांगितल्या होत्या: हात लावून तपासतो, कागदावर निदान लिहितो, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो, परत कधी यायचं आणि काय झालं तर त्याआधीच यायचं ते सांगतो, आणि आपल्या हातचं नसेल तर वेळेत पुढे पाठवतो. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत.

सुई-सलाईनवरून डॉक्टर जोखायची सवय मोडायला तुम्ही किती झटलात! ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे पाच-सहा चमचे साखर. तोंडाने पिऊ शकणाऱ्या माणसाला अशक्तपणासाठी ती टोचून घ्यायची गरज नाही, हे तुम्ही चमचे मोजून दाखवलंत. इंजेक्शन घ्यावंच लागलं तर त्याचं नाव कागदावर लिहून घ्यायचं. न लिहिलेल्या सुईत स्टिरॉईड असू शकतं, आणि एका दिवसात मिळालेला आराम पुढे महागात पडतो.

ऑपरेशन सांगितलं की घरात दोन तट पडतात: एक म्हणतो लगेच करू, दुसरा म्हणतो पुण्याला किंवा हैदराबादला नेऊ. तुमचा रस्ता सरळ होता. तातडीचं आहे का, हे आधी विचारायचं. नसेल तर "आणखी एकदा दाखवून येतो, कागदं द्या" असं नीट, मान ठेवून सांगायचं. चांगले डॉक्टर त्याचं वाईट वाटून घेत नाहीत. भरती पेशंटचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, हे भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे; अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. गाठीचा तुकडा तपासला असेल तर नुसता रिपोर्ट घेऊन बार्शीच्या किंवा मुंबईच्या कॅन्सर हॉस्पिटलला निघायचं नाही. लॅबमधून तो तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाईड मागून घ्यायच्या. तिथले पॅथॉलॉजिस्ट त्या स्वतः बघतात, आणि पुढच्या चाचण्याही त्याच ब्लॉकवर होतात. ब्लॉक सोलापुरात राहिला की नातेवाईकाची एक फेरी आणि पेशंटचा आठवडा वाया जातो. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवायचा नाही, मेण वितळतं.

पैशाची बाजूही तुम्ही सोडली नाहीत. आजची महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्याच टप्प्यात सोलापूर जिल्हा होता. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे, तरी माणसं खिडकीवरून परत येतात. कारणं ठरलेली आहेत. आडनाव रेशन कार्डावर म्याकल आणि आधारवर मॅकल. सुनेचं नाव रेशन कार्डात चढलेलंच नाही. हॉस्पिटल योजनेत आहे, पण त्या आजाराच्या विभागासाठी नाही. किंवा भरती होऊन पैसे भरल्यावर योजनेची आठवण झाली. मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते, त्यामुळे भरतीच्या वेळीच आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला, गाठायचं. तातडीचा पेशंट असेल तर उपचार थांबत नाहीत, मंजुरी फोनवरून घेता येते. योजनेच्या १५५३८८ या फोनवर विचारता येतं. नावातल्या चुका घरात कुणी आजारी नसताना दुरुस्त करायच्या, हे तुमचं म्हणणं ऐकलेल्या घरांना खरंच फायदा झाला. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला त्यासाठी तयार ठेवायचा.

आणि छातीत भरून येणं. जबडा, डावा हात, घाम, यातलं काहीही सोबत असेल तर केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं नाही. थेट अपघात विभागात जायचं आणि "छातीत दुखतंय, ईसीजी काढा" एवढं मोठ्याने म्हणायचं. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात गळाला, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन आणि कागदावर एक वेळ: माणूस शेवटचा नीट कधी दिसला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्या वेळेपासून सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. ती वेळ कुणाला सांगता आली नाही, तर सीटी स्कॅन करूनही डॉक्टरांचे हात बऱ्याचदा बांधलेले राहतात. तोवर तोंडात पाणी नाही, गोळी नाही, कारण गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं.

डिस्चार्जच्या वेळी तुम्ही आम्हाला दारातच अडवून कार्ड वाचायला लावायचात: निदान लिहिलंय का, आत काही बसवलं असेल तर त्याचा स्टिकर आहे का, जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या बंद करायच्या. हा तिसरा प्रश्न विचारायचा राहतोच, आणि घरी जुनं आणि नवं दोन्ही चालू होतं. तुम्ही तिथे उभ्या राहायचात म्हणून किती जणांचं दुप्पट औषध टळलं, याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही. आमच्या मनात आहे.

सिस्टर, तुम्ही लिहिलेल्या सूचनांच्या मराठी पानाचं तेलुगू भाषांतर तयार आहे. कानडी पानात इन्शुलिनच्या वेळा आणि उपाशी तपासणीचा भाग अजून कच्चा आहे. कर्नाटकातल्या इंडी आणि अफजलपूरहून येणारे पेशंट तेच पान वाचणार, म्हणून छापायला टाकण्याआधी तुमची नजर फिरायला हवी. पुढच्या आठवड्यात दोन्ही पानं घरी आणून देतो. लाल पेनाने खोडा, नेहमीसारखं.

आपले ऋणी,
पेशंटसोबत दवाखान्यात जाणारे आम्ही सगळे, पूर्व भाग, सोलापूर