कारवीच्या एका फेऱ्याची वही भरायची आहे, हात द्या

सातारकरहो, पठारालगतच्या गावांचा नमस्कार.

२०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांत आपले कास पठारही जागतिक वारसा यादीत गेले. फुलांच्या हंगामात अभ्यासक येतात, घरोघर प्रश्नावली भरून घेतात. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण पूर्ण झालेला प्रबंध गावात परत येत नाही, याचे वाईट वाटते.

पठार किती माणसे पेलेल, हा पर्यटनाच्या अभ्यासातला जुना प्रश्न. आता विचारतात, किती बदल चालवून घ्यायचा आणि ते ठरवणार कोण? स्थानिकांनी स्वतः नोंदी ठेवाव्यात, असा आग्रहही वाढतो आहे. अडतं ते इथेच. टोपली कारवी हे पठारावरचे झुडूप सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, प्रबंध त्याआधीच आटोपतो. पठाराला कुंपण घातले, चराई थांबली. मग गवत माजून फुले दबली, असे गुराख्यांसह काही जाणकारही म्हणू लागले. पुढे कुंपण निघाले. त्या सगळ्या काळात गावाकडे बोलणे होते, वही नव्हती.

गेल्या भाद्रपदात शाळेतल्या मुलांनी बांबूच्या काठ्यांची मीटरभर चौकट जांभ्यावर ठेवली. आत सीतेच्या आसवांची निळी-जांभळी नक्षी, गेंदाची पांढरी बोंडे. एका कोपऱ्यात बुटाचा ठसा, त्यात पाणी साचलेले आणि तेवढ्या जागेत एकही फूल नाही. मुलांनी एकेक फूल मोजून लिहिले. परत येताना पावसात शाई उतरली, निम्मी पाने वाया गेली.

म्हणून हे आवाहन. कारवीचा एक फेरा पुरा होईपर्यंत, दर हंगामात, त्याच जागी चौकटी मांडायच्या आहेत. फुले, गाड्या, माणसे, कचरा, गावात राहिलेला रोजगार, सगळे लिहायचे आहे. त्यासाठी भिजली तरी टिकतील अशा वह्या, पेन्सिली, रेनकोट, एक पर्जन्यमापक आणि मोजणीला जाणाऱ्या पोरापोरींच्या प्रवासखर्चापुरते पैसे हवेत. वनस्पती ओळखणारे प्राध्यापक दोन दिवस आले तर फार मोठी मदत होईल. आणि कासवर ज्यांनी प्रबंध लिहिला, त्यांनी एक प्रत, जमल्यास मराठीत सारांश करून, गावाला द्यावी ही हात जोडून विनंती.

पैसे ग्रामपंचायतीत जमा करून पावती घ्यावी. हिशेब आणि वही, दोन्ही कुणालाही पाहायला खुली राहतील. गौरी-गणपती झाले की पहिल्या रविवारी मोजणी सुरू करतोय. त्या दिवशी गर्दी असते, जास्त माणसे लागतील.

— ग्रामस्थ, कास पठार परिसर