थंड कॅमेरा आणि सोलापूरची गच्ची

सोलापूर

प्रिय सुहास,

खास आकाशासाठी बनवलेल्या कॅमेऱ्यात एवढे पैसे घालावेत का, असं तू विचारलं होतंस. ओळखीतल्या एकाने त्याचा झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएसआय ५३३ एमसी प्रो हा कॅमेरा मला वापरायला दिलाय, त्यामुळे आता ऐकीव नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. घालावेत. लातूर-सोलापूरकडच्या माणसाने तर नक्कीच.

कारण आपल्याकडचा उकाडा. सेन्सर गरम असला की प्रकाश पडला नाही तरी त्यात इलेक्ट्रॉन साठत राहतात आणि दर सहा-सात अंशांना हा गोंगाट जवळपास दुप्पट होतो. फेब्रुवारी सरला की आपली गच्ची रात्री जेवणं झाल्यावरही गरम असते. अशा वेळी डीएसएलआरवर पाच मिनिटांची फ्रेम घेतली की तिच्यावर लाल-निळे ठिपके घामोळ्यासारखे उठतात, हे तुला वेगळं सांगायला नको. हा कॅमेरा सेन्सरला हवेपेक्षा ३५ अंशांपर्यंत खाली नेतो. मागचा छोटा पंखा घरघरायला लागला आणि मी लॅपटॉपवरचा आकडा बघत बसलो: २१, १४, ६, शून्य, उणे १०. तिथे जो थांबला तो पहाटेपर्यंत हलला नाही. त्यामुळे डार्क फ्रेमसुद्धा, म्हणजे हा गोंगाट नंतर फोटोतून वजा करायला घेतलेल्या अंधाऱ्या फ्रेम, दिवसा घरात, झाकण लावून, त्याच उणे १० ला घेऊन ठेवता येतात. आकाश मोकळं असलेली रात्र त्यात वाया जात नाही, माझ्या लेखी हा फायदा फार मोठा.

दुसरी गोष्ट लाल रंगाची. तेजोमेघातला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरला चमकतो आणि साध्या डीएसएलआरमधला फिल्टर नेमका तोच लाल अडवतो. इथे तो अडथळा नाही. मी पुढे ड्युअल-बँड फिल्टर लावला, म्हणजे हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा ५०० नॅनोमीटरचा निळसर हिरवा तेवढा आत येतो, रस्त्यावरच्या दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेरच राहतो. काक्षी आणि प्रश्वा या ताऱ्यांच्या मधल्या, एरवी रिकाम्या वाटणाऱ्या पट्ट्यात दुर्बीण रोखली. पहिलीच फ्रेम उतरली, हिस्टोग्राम ताणला, म्हणजे फोटोतला अंधुक भाग उजळवला, आणि शृंगाश्व तारकासमूहातला रोझेट तेजोमेघ समोर! सुमारे ५,००० प्रकाशवर्षांवरचा, आकाशात पूर्ण चंद्राच्या दुपटीहून रुंद. मधल्या पोकळीत एनजीसी २२४४ या तारकागुच्छाचे तरुण तारे, ज्यांच्या अतिनील किरणांमुळे हा सगळा वायू पेटलाय. त्या पाकळ्यांवर काळ्या धुळीच्या बारीक रेघा दिसत होत्या रे, आणि तेही भर शहरातल्या गच्चीवरून. मी बायकोला उठवून वर आणलं.

अडचणीही सांगतो. सेन्सर चौरस आणि लहान, ११.३ मिलिमीटर बाजूचा. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत रोझेट बसतो, देवयानी दीर्घिका पूर्ण मावत नाही. कॅमेऱ्याला स्वतःची स्क्रीन नाही, लॅपटॉप हवाच. कूलिंगला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, शेतावर जायचं तर चांगली बॅटरी सोबत. आणि माउंट, म्हणजे दुर्बिणीला ताऱ्यांमागे फिरवणारा आधार, डळमळीत असेल तर आधी पैसे तिथे घाल, कॅमेरा पुढच्या वर्षी. आपल्या अक्षांशावर ध्रुव जेमतेम साडेसतरा अंश वर असतो. माझ्या गच्चीवरून तो शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीला चिकटूनच दिसतो, त्यामुळे पोलर अलाइनमेंटला, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाच्या दिशेने जुळवायला, वेळ जातो.

म्हणून म्हणतो, येत्या अमावस्येला ये. मंगळवेढ्याकडे मामांच्या रानात जाऊ, तिकडे ज्वारी हुरड्याला आलीय, हुरडा आणि शेंगाचटणीची सोय मामी करतीलच. तुझी कॅननची २०० मिलिमीटरची लेन्स न विसरता आण. या सेन्सरवर तिचं क्षेत्र सव्वातीन अंशांच्या आसपास येतं, म्हणजे मृगातल्या बाणाचे तिन्ही तारे आणि त्यांच्या खालचा हॉर्सहेड तेजोमेघ एकाच चौकटीत बसतील. अ‍ॅडॉप्टर मी मागवून ठेवलाय. वहिनींना आणि पोरांनाही घेऊन ये, पण गरम कपडे आण, रानात पहाटे चांगलीच थंडी पडते.

तुझा,
महेश