यंत्र गावात आहे, पण वापशाला मिळत नाही: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी लातूर जिल्ह्यातला तीन एकरांचा कोरडवाहू शेतकरी. 2015-16 च्या कृषी गणनेत राज्यातली सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर निघाली, म्हणजे सव्वातीन एकर. तेव्हा राज्याचा सरासरी शेतकरी पाहायचा असेल तर माझ्याकडे यावं. हमीभाव, विमा यांवर आपल्याला पत्रं येतच असतील. मला बोलायचंय पेरणीच्या पाच-सहा दिवसांबद्दल.

आपलं खातं दरवर्षी सांगतं, सोयाबीन बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा-सरी पाडत पेरणाऱ्या ट्रॅक्टरच्या यंत्रानं, पेरा. सल्ला खरा आहे. चार ओळींचा रुंद वरंबा, दोन्ही अंगांना सरी. पाऊस एका धारेनं कोसळला तर जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, रान चिभडत नाही. पुढे खंड पडला की सरीत मुरलेली ओल पिकाला तगवते. एकरी 30 किलोऐवजी 22-24 किलो बी पुरतं. खताचं एक पोतंही न वाढवता उतारा वाढतो, हे बांधापलीकडच्या रानात मी स्वतः पाहिलंय.

बियाण्याचंही तसंच. 2020 च्या खरिपात विकतच्या बियाण्यानं राज्यभर दगा दिला, तेव्हापासून आम्ही घरचंच राखतो. मे महिन्यात बायकोनं 100 दाणे मोजून ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या ओळींत मांडले, गुंडाळी करून पाणी शिंपडत ठेवली. 70 कोंब आले तरी चालतं. आमचे 81 आले. बी तयार, रान तयार.

आणि यंत्र? गावात दोन आहेत, दोन्ही अनुदानावरची. पेरणीजोगा 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वापसा आला, म्हणजे चिखल ओसरून पेरता येईल इतकी ओल रानात राहिली, की ट्रॅक्टरवाला आधी स्वतःचं पेरतो, मग भावकीचं, मग मोठ्या खातेदारांचं. त्याला तरी काय म्हणावं? माझ्या तुकड्यात सरळ ओळींपेक्षा वळणंच जास्त, डिझेल त्यातच जातं. माझी पाळी आठव्या दिवशी होती. तोवर ओल खाली गेली असती, म्हणून शेजाऱ्याची बैलं मागून तिफणीनं, म्हणजे बैलांच्या पेरणीच्या औजारानं, पेरलं. दर चार ओळींनंतर एक मोकळी सोडली आणि कोळपणीच्या वेळी कोळप्याला (ओळींमधलं तण काढायच्या औजाराला) दोरी गुंडाळून तिथे सरी ओढली. जमलं, पण गावात बैलजोड्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात.

अनुदानाची रक्कम वाढवा, असं मी म्हणत नाही. ज्याला यंत्र दिलं, त्यानं वापशाच्या पहिल्या तीन दिवसांत दोन हेक्टरांच्या आतल्या खातेदारांचे ठरावीक एकर पेरून द्यावेत, ही अट त्यात घाला. एका शिवारातले लागून असलेले तुकडे एकदम पेरायला घेतले तर त्याचंही डिझेल वाचेल. ज्याच्याकडे ट्रॅक्टर जाऊच शकत नाही, त्याला सहायक कृषी अधिकाऱ्यानं (पूर्वीच्या कृषी सहायकानं) कोळप्याची सरी बांधावर येऊन दाखवावी. त्याला दोरीशिवाय काही लागत नाही.

पाळीची यादी मे अखेरीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू द्या. माझा नंबर चाळिसावा असला तरी चालेल, पण तो मला पावसाआधी कळू द्या.

आपला,
लातूर जिल्ह्यातील एक अल्पभूधारक शेतकरी