तिसाव्या दिवशी पेशंट कसा होता?

संपादक महोदय,

‘दुर्मीळ शस्त्रक्रिया यशस्वी’ अशा बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. सोबत डॉक्टरांचा चमू आणि मधोमध हसरा रुग्ण. कौतुक जरूर व्हावं. पण ऑपरेशननंतरच्या वॉर्डात परिचारिका म्हणून नोकरी झाल्यामुळे मला दरवेळी एकच विचारावंसं वाटतं. तिसाव्या दिवशी हा पेशंट कसा होता?

धोका टेबलावर असतो, अशी सर्वसाधारण समजूत. आफ्रिकेतल्या २५ देशांतल्या शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात दगावलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के रुग्ण ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर गेले. हे रुग्ण वयाने तरुण होते, इतर आजारही कमी होते. तरीही मृत्यूचं प्रमाण जागतिक सरासरीच्या दुप्पट. जगभरात ऑपरेशननंतर महिन्याच्या आत दरवर्षी सुमारे ४२ लाख माणसं दगावतात, असा २०१९ चा अंदाज आहे.

हे कसं घडतं, ते वॉर्डात दिसतं. रात्रीचे दोन. पोटाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटची नाडी ११० वरून १२५ वर गेलेली, लघवीची पिशवी मघापासून तेवढीच. बीपी अजून ठीक. विचारलं तर म्हणतो, ‘काही नाही सिस्टर, जरा घाबरल्यासारखं होतंय.’ ऑपरेशनमध्ये शिवलेला आतड्याचा जोड सुटत असेल तर तो असाच, गाजावाजा न करता सुटतो. अख्खा वॉर्ड एकट्या सिस्टरवर असेल, किंवा मोठ्या डॉक्टरांना झोपेतून उठवायचं कसं म्हणून ज्युनियर कचरत असेल, तर सकाळच्या राउंडपर्यंत वेळ गेलेली असते. अमेरिकेतला २००९ चा एक अभ्यास मला म्हणूनच फार पटला. जास्त मृत्यू होणाऱ्या आणि कमी मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत गुंतागुंतीचं, म्हणजे ऑपरेशननंतर काही बिघडण्याचं, प्रमाण जवळपास सारखंच निघालं. फरक होता तो गुंतागुंत झाल्यावर पेशंट वाचवण्यात. सर्जनचा हात तर हवाच, पण रात्रपाळीला माणसं किती, हेही बातमीत यायला हवं.

बोटाला लावतो ती ऑक्सिजनची क्लिपसुद्धा सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. रक्तातला ऑक्सिजन खरोखर घटलेला असताना क्लिपवर आकडा ठीक दिसणं हे कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळलं, हे २०२० मध्ये अमेरिकेतूनच समोर आलं. इतकी वर्षं आम्ही त्या आकड्यावर डोळे झाकून विसंबत होतो.

आणि जे टेबलापर्यंत पोचलेच नाहीत, ते कुठल्याच हिशेबात नाहीत. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१५ मध्ये म्हटलं होतं की, सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया जगातल्या ५०० कोटी लोकांच्या आवाक्यात नाही. त्याच आयोगाच्या हिशेबाने ऑपरेशनच्या बिलापायी दरवर्षी ३ कोटी ३० लाख लोकांचं कंबरडं मोडतं. प्रवास आणि राहण्या-खाण्याच्या खर्चाने आणखी ४ कोटी ८० लाख. अपेंडिक्स फुटून चौथ्या दिवशी आलेला पेशंट दगावला, तर तो मृत्यू ज्या दवाखान्याने त्याला दाखल करून घेतलं त्याच्या नावावर चढतो. ज्यांनी दारातूनच ‘पुढे न्या’ म्हणून सांगितलं, त्यांची पाटी कोरी. त्यामुळे पेशंट कोणत्या अवस्थेत आला, हे न विचारता दोन रुग्णालयांचे आकडे शेजारी शेजारी छापू नयेत, असं माझं ठाम मत आहे. त्याने वाचकाची दिशाभूल होतेच. शिवाय अवघड केस घेणाऱ्यालाच दोष लागतो.

ही मागणी काही नवी नाही. अर्नेस्ट कॉडमन नावाच्या बोस्टनच्या सर्जनने शंभरेक वर्षांपूर्वीच आग्रह धरला होता की, प्रत्येक पेशंटची निदान वर्षभराने खबर घ्यावी आणि निकाल जाहीर करावा. स्वतःच्या रुग्णालयात १९११ ते १९१६ दरम्यान आलेल्या ३३७ रुग्णांच्या हिशेबात त्याने १२३ चुका छापल्या. सहकाऱ्यांना ते अर्थातच रुचलं नाही.

तेव्हा विनंती एवढीच. पुढची ‘यशस्वी’ बातमी छापण्याआधी बातमीदाराने चार गोष्टी विचाराव्यात. अशी किती ऑपरेशनं झाली, महिन्याभरात कितीजण परत दाखल झाले, कितीजण दगावले आणि किती जणांना पैशांअभावी परत जावं लागलं. ‘आमच्याकडे अशी नोंद नाही’ असं उत्तर आलं, तर तेही छापा.

– एक निवृत्त परिचारिका