पहिली तपासणी नवऱ्याची व्हावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मूल होत नाही म्हटलं की दवाखान्यात फाइल उघडते ती बायकोच्या नावाची. आमच्याकडेही तसंच झालं. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा आई हिला ओळखीतल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी तेव्हा नऱ्ह्याला कामावर होतो. पुढचे चौदा महिने ती दवाखान्यात जात राहिली आणि मी पैसे देत राहिलो.

त्या चौदा महिन्यांत हिची थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच अशी हार्मोनची रक्ततपासणी झाली. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून गोळ्या, मग एक दिवसाआड फॉलिक्युलर स्टडीची, म्हणजे बीज किती वाढलं ते बघायची सोनोग्राफी, असं महिन्यामागून महिने चाललं. नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायला एचएसजी केली. त्यात गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात. त्या दिवशी तिला आणायला मी गेलो होतो. रिक्षात ती पर्स पोटाशी घट्ट धरून बसली होती, धायरी फाट्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल.

माझी वीर्यतपासणी पंधराव्या महिन्यात झाली. आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, एका डबीत नमुना द्यायचा, काहीशे रुपये भरायचे. संध्याकाळी रिपोर्ट हातात. काउंट ११ मिलियन, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी १० लाख शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. एका रिपोर्टवर ठरवत नाहीत म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा केली, तर आकडा जवळपास तोच. चौदा महिने आम्ही जे तिच्यात शोधत होतो ते माझ्याकडे होतं.

सगळा दोष मी डॉक्टरांवर ढकलणार नाही. ‘मिस्टरांचीही करून घ्या,’ असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. मी ‘पुढच्या महिन्यात करतो’ म्हणालो आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. हिचे रिपोर्ट जसजसे नॉर्मल येत गेले, तसतशी मला जास्त भीती वाटू लागली. तिला सुया टोचत होत्या आणि मला एक डबी हातात घ्यायची लाज वाटत होती. हे लिहितानाही वाईट वाटतं.

पण माझ्यासारखा माणूस टाळणार, हे डॉक्टरांना माहीत नसतं का? मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. नवऱ्याचा रिपोर्ट फाइलला लागल्याशिवाय बायकोला एकही गोळी सुरू करायची नाही, असा नियम प्रत्येक दवाखान्याने स्वतःहून पाळावा. एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहितो आहे.

त्या रिपोर्टवरच पुढची दिशा ठरते. काउंट थोडा कमी असेल किंवा दोघांतही कारण सापडत नसेल, तर आययूआय करून बघतात. त्यात वीर्य प्रयोगशाळेत धुऊन चांगली हालचाल करणारे शुक्राणू वेगळे काढतात आणि बीज फुटण्याच्या सुमारास बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडतात. काउंट फारच कमी असेल तर आययूआयचा उपयोग नाही, दोन्ही नळ्या बंद असतील तरीही नाही. म्हणजे नवऱ्याचा आकडा माहीत नसताना बायकोवर केलेले उपचार अंदाजाने केलेले असतात, आणि त्यात तिचं वय वाढत जातं.

आता आम्ही दुसरीकडे जातो. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दोघांना शेजारी बसवून सांगितलं की आययूआयच्या एका खेपेला यश शंभरात साधारण दहा ते पंधरा जोडप्यांना येतं, वयानुसार कमीजास्त. तीन-चार खेपा करू, नाही झालं तर थांबून पुढचा विचार करू. ऐकायला कठीण होतं, पण त्या रात्री आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो. खरं तर २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने हे सांगणं केंद्राचं कर्तव्यच आहे : यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम, जुळं-तिळं राहण्याचा धोका, सगळं. फक्त आययूआय करणाऱ्या केंद्रालाही नोंदणी लागते. वाचकांनी नोंदणीचं प्रमाणपत्र जरूर बघावं आणि हे सगळं मराठीत, कागदावर मागावं.

पहिल्या खेपेचा दिवस सांगतो. बीजाची पिशवी १९ मिलिमीटरची झाली तेव्हा ट्रिगरचं, म्हणजे बीज फुटण्यासाठीचं इंजेक्शन झालं, त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी आययूआय. नमुना मी घरूनच नेला, कारण आधीच्या एका लॅबमध्ये त्यासाठी कडी न लागणारं संडास दाखवलं होतं. (पुण्यात एवढी चकाचक सेंटर आहेत, एक नीट खोली का नसावी?) लॅबमधल्या ताईंनी बजावलं होतं, तासाभरात पोचवा, अंगाशी धरून आणा, एसीसमोर नको. धायरीहून कर्वे रोड. शर्टाच्या आत डबी, बाहेरून हाताने दाबलेली, आणि राजाराम पुलाच्या सिग्नलला रिक्षा हलेना. ही शेजारी बसून घड्याळ बघत होती. बेचाळीस मिनिटांत पोचलो. पुढे तासभर बाहेर बसलो. मग सिस्टरने हिला एक छोटी ट्यूब दाखवली, तळाला अर्धा मिली गुलाबीसर पाणी, वर आमची दोघांची नावं. ‘वाचा, बरोबर आहेत ना?’ हिने मोठ्याने वाचली. मधल्या सगळ्या काळात आमची नावं एका लेबलवर मी पहिल्यांदा पाहिली.

चौदा दिवसांनी बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी, निगेटिव्ह आली. दुसऱ्या खेपेलाही तेच.

नात्यातल्या हळदीकुंकवाला हिला अजूनही विचारतात, ‘काय गं, गोड बातमी कधी?’ मला आजवर कुणी विचारलेलं नाही. गेल्या महिन्यात एका बारशात आत्याने पुन्हा तेच काढलं, तेव्हा मी पानावरून उठलो आणि म्हणालो, ‘आत्या, माझा काउंट कमी आहे, उपचार चालू आहेत.’ सगळे गप्प झाले. आई आतल्या खोलीत निघून गेली. घरी आल्यावर मात्र तिने सुनेला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

तिसरी खेप पुढच्या आठवड्यात आहे. कामावर रजेचा अर्ज दिलाय, कारणाच्या रकान्यात या वेळी ‘घरगुती काम’ न लिहिता ‘पत्नीचे व माझे वैद्यकीय उपचार’ लिहिलं. या पत्राखाली माझं नाव द्यायला माझी तयारी होती, पण त्यातून हिचंही नाव उघड होतं आणि तिची अजून तशी इच्छा नाही. म्हणून नाव छापू नये, ही विनंती.

आपला,
एक वाचक
धायरी, पुणे