ताई, आईला आधी विचारल्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

आईच्या आजारपणात तुम्ही जी साथ दिलीत, तिच्याबद्दल समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय आईकडे वळवता, म्हणून हे उघड पत्र. आईला विचारूनच लिहितोय. "माझं नाव घालू नकोस, बाकी काय लिहायचं ते लिही," म्हणाली.

छातीवर दडपण, डोकं तापणं, रात्ररात्र डोळ्याला डोळा नाही. आधी एके ठिकाणी रिपोर्ट नॉर्मल निघाले आणि "मनाचे खेळ आहेत" म्हणून आमची बोळवण झाली होती. तुम्ही मात्र फाइल बाजूला ठेवून आईलाच विचारलंत, हे कशामुळे होतंय असं तुम्हाला वाटतं? आतापर्यंत काय काय करून पाहिलंत? कशानं बरं वाटलं? ती प्रार्थनेबद्दल बोलली, तेही तुम्ही औषधांच्या नोंदीइतक्याच मन लावून लिहून घेतलंत. अशा 16 प्रश्नांची मुलाखत 2013 च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेत, दिलेली आहे, हे मी नंतर वाचलं. पण प्रश्न छापलेले असणं वेगळं आणि उत्तर ऐकायला वेळ असणं वेगळं.

मग तुम्ही विचारलंत, "नवरा गेल्यावर दोन मुलं आणि आजारी सासू, कसं निभावलंत?" मोजून मापून बोलणारी आई सुटलीच! रात्री कापड बेतून ठेवायचं, पहाटे शिवायचं, शेजारणीला हक्कानं हाक मारायची. तुम्ही एकेक लिहीत गेलात आणि कागद तिच्यापुढे सरकवलात, "यातलं आज काय चालू आहे?" काहीच नव्हतं. पहिलं उद्दिष्ट झोपेचं असेल असा माझा अंदाज होता. तिनं शिलाई मशीन निवडलं आणि तुम्ही तेच ठरवलंत. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात तीव्र मानसिक आजार असलेल्यांसोबत ही, दुखण्याआधी माणसाची ताकद बघायची, पद्धत आकाराला आली, तीही अशीच: दिशा रुग्णानं ठरवायची आणि आधार त्याच्या आसपासच्या माणसांत शोधायचा.

घरात मोठ्या मामांचा शब्द चालतो हे तुम्ही ओळखलंत. त्यांना बोलावलंत, पण त्यांना काय सांगायचं आणि काय नाही, हे आईकडून आधी ठरवून घेऊन. "गोळ्यांची सवय लागेल" या त्यांच्या भीतीला तुम्ही हसला नाहीत. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि आपल्या मनानं त्या बंद करायच्या नाहीत, हे शांतपणे समजावलंत.

ताकद बघायची म्हणजे गोड बोलत राहायचं, असा काहींचा समज असतो. तुम्ही आईला जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारलंत आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलंत. तिच्यात दम आहे म्हणून दुखणं हलकं धरलं नाहीत. मला वाटतं, खरं कसब इथेच होतं.

झोप अजून पूर्ण लागत नाही. मशीन मात्र चालू आहे. पुढच्या गटाच्या दिवशी आई इतर बायकांना कापड बेतायला शिकवणार आहे. कात्र्या आम्ही आणतो. तुम्ही मोठं टेबल तेवढं रिकामं ठेवा.

तुमचा,
आईचा धाकटा